प्रारंभिक संगणक-पुस्तके आणि खेळाची आज्ञावली : एक चिकित्सा

ठाणे, कल्याण-डोंबिवली परिसरात मराठी माध्यमातून शिकून संगणकीय खेळ रचू पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती प्रारंभिक पुस्तक येते ते बहुधा इंग्रजीच. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ भाषेचे व्याकरण सुबोधपणे शिकविते. परंतु ‘स्कॅनएफ’पाशी आज्ञावली थांबते, खेळ मात्र थांबत नाही. सेकंदाला ६० चित्रे दाखविताना प्रत्येक फेरीस सुमारे १६.७ मिलिसेकंदच मिळतात. अल स्वेगार्ट यांचे पायथनवरील पुस्तक अंक ओळखण्याच्या खेळापासून ‘डॉजर’पर्यंत, म्हणजे थांबणाऱ्या आज्ञावलीकडून अखंड फेरीकडे नेते. हे स्थित्यंतर उलगडले नाही, तर पुस्तकाची उणीव विद्यार्थी स्वतःची अक्षमता मानतो. म्हणूनच व्याकरणाइतकेच या फेरीचे विवेचन करणारे मराठी पुस्तक आवश्यक ठरते.