एस्थर क्लाइनचा प्रश्न

कागदावर पाच बिंदू काढा. कसेही काढा, पथ्य एकच, कोणतेही तीन एका रेषेत यायला नकोत. त्या पाचांतून चार असे निवडता येतातच, की ते जोडल्यावर बहिर्वक्र चौकोन होतो, म्हणजे ज्याचा एकही कोपरा आत दबलेला नाही असा चौकोन. 1932-33च्या हिवाळ्यात बुडापेस्टमधल्या एस्थर क्लाइन या विद्यार्थिनीने हे आपल्या मित्रमंडळींपुढे ठेवले आणि सिद्ध करायला सांगितले. उत्तर तिच्यापाशी होते. ते सावकाश पाहण्याजोगे आहे, कारण पुढे जे उभे राहिले त्याचा मोठा भार याच चार-पाच ओळींनी पेलला आहे.

सर्वांत बाहेरचे बिंदू जोडून बाकीच्यांना पोटात घेणारी आकृती काढायची. ती पंचकोन असेल तर कोणतेही चार बिंदू चालतात. चौकोन असेल तर उत्तर समोरच आहे. गंमत आहे ती तिसऱ्या शक्यतेत: बाहेर त्रिकोण, आत दोन बिंदू. इथे आतल्या दोन बिंदूंमधून जाणारी रेषा काढायची. ती त्रिकोणाच्या एकाही शिरोबिंदूतून जाऊ शकत नाही, तसे पथ्यच आहे. मग तीन शिरोबिंदूंपैकी दोन तिच्या एकाच बाजूला राहणार. ते दोन आणि आतले दोन, झाला चौकोन. तो बहिर्वक्र का? बाहेरच्या दोघांना जोडणारी रेषा ही त्रिकोणाची बाजू, म्हणून आतले दोन्ही बिंदू तिच्या एका अंगाला. आणि आतल्या रेषेच्या एका अंगाला बाहेरचे दोघे. दोन्ही रेषाखंड काठावर आले, आत दबायला कोणी उरलेच नाही. सुरुवातीची जी अट वाचताना निव्वळ तांत्रिक वाटते, ती बरोबर या जागी कामाला येते. एकही अट वाया न घालवणे हा सिद्धतेतला खानदानीपणा आहे.

एस्थर आणि तिची ही मित्रमंडळी एकमेकांना नावाने ओळखू लागली ती शाळेत असताना. हंगेरीत 1894 पासून ‘कोमाल’ या नावाने ओळखले जाणारे शालेय गणिताचे मासिक निघते. त्यातली उदाहरणे सोडवणाऱ्यांची नावे छापून येत, उत्तम सोडवणाऱ्यांची छायाचित्रेही. पॉल एर्डोश, जॉर्ज सेकेरेश, एस्थर क्लाइन, पाल तुरान, तिबोर गालाई हे सगळे याच वाटेने आलेले. एस्थर भौतिकशास्त्राची, सेकेरेश रसायन अभियांत्रिकीचा. यांतले बहुतेक ज्यू, आणि 1920च्या कायद्याने ज्यू विद्यार्थ्यांच्या विद्यापीठप्रवेशावर मर्यादा घातलेली. शहरातल्या बागेत एका मध्ययुगीन बखरकाराचा पुतळा आहे; त्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही, म्हणून तो ‘अनॉनिमस’. त्याच्यापाशी ही मंडळी जमत आणि आपापली उदाहरणे बाहेर काढत. परीक्षा नाही, गुण नाहीत, तरी कोणी रिकाम्या हाताने येत नसे.

पाच बिंदूंवर चौकोन होतो. मग पंचकोनासाठी किती लागतील? आणि कितीही बाजू मागितल्या, तरी पुरेसे बिंदू घेतल्यावर तेवढ्या बाजूंची बहिर्वक्र आकृती सापडेलच का? प्रश्नाने ही झेप घेतली तेव्हा तो खरा मोठा झाला. झेप कोणाची? एर्डोश आणि सेकेरेश यांच्या 1935च्या लेखात तिचे श्रेय एस्थरला दिले आहे. पुढे सेकेरेशने आठवणी लिहिल्या, त्यांत एस्थरचे म्हणणे वेगळेच निघते: त्यात एर्डोशचा वाटा अधिक होता. श्रेय एकमेकांकडे सरकवण्याची ही रीत मला त्या लेखातल्या कोणत्याही सूत्राइतकीच मोलाची वाटते.

उत्तर आधी सेकेरेशला सापडले, काही आठवड्यांनी. प्रश्न एस्थरकडून आलेला, त्यामुळे सर्वांच्या आधी सोडवण्याची ओढ जास्तच होती, हे त्याने मोकळेपणाने सांगून ठेवले आहे. त्याची युक्ती पाहा. खूप बिंदू घ्या. त्यांतल्या प्रत्येक चौकडीला दोनांपैकी एक रंग द्या: बहिर्वक्र चौकोन होत असेल तर हिरवा, नसेल तर लाल. बिंदू पुरेसे असतील तर दोनांपैकी एक गोष्ट घडलीच पाहिजे. एक तर हवा तेवढा मोठा असा गट मिळेल की ज्याच्या सगळ्या चौकड्या हिरव्या आहेत, नाहीतर पाच असे बिंदू मिळतील की ज्यांच्या सगळ्या चौकड्या लाल आहेत. हे तत्त्व केंब्रिजच्या फ्रँक रॅम्से याने आधीच सिद्ध केले होते आणि 1930 साली ते छापूनही आले होते. सेकेरेशला ते माहीत नव्हते, त्याने ते स्वतःच नव्याने शोधले. आता पाच बिंदू आणि सगळ्या चौकड्या लाल, हे शक्य आहे का? नाही! एस्थरने ते दार आधीच लावून घेतले आहे. म्हणून सगळ्या हिरव्या चौकड्यांचा गट मिळणारच. आणि ज्या गटात प्रत्येक चौकडी बहिर्वक्र, तो गट सगळाच बहिर्वक्र. सेकेरेशने प्रचंड यंत्र उभे केले, पण ते फिरते एस्थरच्या पाच बिंदूंवर. एका मैत्रिणीचे छोटे उत्तर मित्राच्या मोठ्या उत्तरात खिळीसारखे बसलेले पाहणे, याहून सुंदर सहकार्य मी गणितात क्वचितच पाहिले आहे.

त्याच लेखात दुसरी सिद्धता आहे, आणि ती पूर्ण वेगळ्या स्वभावाची आहे. इथे बिंदू डावीकडून उजवीकडे वाचायचे. लागोपाठच्या बिंदूंना जोडणाऱ्या रेषांचा चढ वाढत गेला तर उताणी वाटी, घटत गेला तर पालथी. दोन्ही बहिर्वक्रच. आता समजा, एक बिंदू असा आहे की तिथे एक उताणी वाटी संपते आणि तिथूनच एक पालथी सुरू होते. येणाऱ्या शेवटच्या रेषेचा चढ आणि जाणाऱ्या पहिल्या रेषेचा चढ ताडून पाहा. पुढचा चढ जास्त असेल तर उताणी वाटी एका बिंदूने वाढली. कमी असेल तर पालथी वाढली. दोन्हीकडून फायदाच. बाकी काम असा सांध्याचा बिंदू मिळतोच हे मोजून दाखवण्याचे, आणि त्या मोजणीत एकेक आकडा वरच्या दोन आकड्यांच्या बेरजेतून उतरत जातो, म्हणजे आपला मेरुप्रस्तारच. कोणी आपण होऊन आणलेला नाही. दोन वाट्यांच्या सांध्यातून तो आपसूक आला आहे.

दोन सिद्धतांमधला फरक आकड्यांत पाहण्यासारखा आहे. पंचकोनासाठी पहिली सिद्धता 2चा 10000वा घात एवढे बिंदू मागते. ती संख्या लिहायलाच तीन हजारांवर अंक लागतात. दुसरी मागते 21. आणि खरे उत्तर आहे 9, ते त्यांच्यातल्याच एन्द्रे माकाईने दाखवले होते. लेखकांनी हे तिन्ही आकडे प्रस्तावनेतच एकत्र मांडले आहेत. आपले हत्यार किती बोथट आहे हे वाचकाला आधी सांगायचे आणि मग ते चालवून दाखवायचे, याला जिगर लागते.

त्रिकोणाला 3, चौकोनाला 5, पंचकोनाला 9. दरवेळी 2च्या घातात 1 मिळवलेला. म्हणून षटकोनाला 17, सप्तकोनाला 33 असावेत, असा अंदाज त्यांनी तेव्हाच नोंदवला. एस्थर आणि जॉर्ज यांचे 1937 साली लग्न झाले आणि एर्डोशने या प्रश्नाला ‘सुखान्त’ असे नाव देऊन टाकले. नवराबायको आधी शांघायला आणि 1948 साली ऑस्ट्रेलियात गेले, तरी प्रश्न सुटला नाही. अंदाजातल्या आकड्याहून कमी बिंदूंत काम भागत नाही, हे एर्डोश आणि सेकेरेश यांनी पुन्हा जोडीनेच 1960च्या आसपास दाखवले. षटकोनाला 17 पुरतात हे सेकेरेश आणि लिंडसे पीटर्स यांनी संगणकाच्या मदतीने सिद्ध केले. तो लेख 2006 साली आला, सेकेरेश दांपत्य गेल्यानंतरच्या वर्षी. अँड्र्यू सूकने अलीकडे सर्वसाधारण उत्तर अंदाजाच्या अगदी जवळ आणून ठेवले, आणि त्याच्याही सिद्धतेत त्याच उताण्या-पालथ्या वाट्या आहेत. सप्तकोनाला 33 बिंदू पुरतात का, हे मात्र अजून कोणालाच सिद्ध करता आलेले नाही.