आपत्तीकाळातील अनुपस्थिती आणि फौजदारी दायित्व : आपत्ती व्यवस्थापन अधिनियमातील कलम ५६ ची चिकित्सा

प्रस्तावना

पूर, भूकंप किंवा महामारीच्या प्रसंगी सामान्य माणसाला शासन दिसते ते कर्मचाऱ्याच्या रूपाने. धरणाच्या दरवाजावरील कर्मचारी, ग्रामीण रुग्णालयातील परिचारिका, गावचा तलाठी, नियंत्रण कक्षात दूरध्वनी घेणारा लिपिक यांपैकी एखादा ऐनवेळी जागेवर नसेल, तर त्याची किंमत दुसऱ्या कोणाला तरी जिवाने मोजावी लागते. म्हणून अशा अनुपस्थितीस शिक्षा असावी ही लोकभावना स्वाभाविक आहे. परंतु लोकभावना स्वाभाविक असली म्हणजे तिच्यावर आधारलेली दंडतरतूद निर्दोष असतेच असे नाही. प्रस्तुत लेखात आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ मधील कलम ५६ चे या दृष्टीने परीक्षण केले आहे.

कलमाचे स्वरूप

या अधिनियमान्वये ज्या अधिकाऱ्यावर एखादे कर्तव्य सोपविले आहे, त्याने आपल्या पदाचे कर्तव्य बजावणे थांबविले, नाकारले किंवा त्यापासून तो दूर झाला, तर तो एक वर्षापर्यंतच्या कारावासास किंवा द्रव्यदंडास पात्र ठरतो. यातून सुटण्याचे मार्ग दोनच आहेत. वरिष्ठांची स्पष्ट लेखी परवानगी हा एक आणि 'अन्य विधिसंमत सबब' हा दुसरा. कलम ५९ नुसार या गुन्ह्याच्या खटल्यास शासनाची किंवा शासनाने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी आवश्यक आहे.

अनुपस्थितीसाठी सेवाविषयक नियम आधीपासूनच आहेत. महाराष्ट्रात महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ अन्वये वेतनवाढ रोखण्यापासून बडतर्फीपर्यंतची शिक्षा देता येते. तेव्हा कलम ५६ ने नवे काय दिले, तर कारावासाची शक्यता. जी गोष्ट विभागीय चौकशीची होती ती न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेली. हे स्थित्यंतर मोठे असल्याने त्याची शब्दरचना तितकीच काटेकोर असावयास हवी होती.

उसनी शब्दरचना

कलम ५६ ची भाषा या अधिनियमासाठी घडविलेली नाही. गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ च्या कलम ५९ मधील पहिले पोटकलम आणि हे कलम शेजारी ठेवले असता दोन्हींची रचना जवळजवळ शब्दशः सारखी आढळते. एवढेच नव्हे, तर कलम ५६ च्या शीर्षकात अधिकाऱ्याच्या कर्तव्यच्युतीबरोबर उल्लंघनाकडे केलेल्या 'कानाडोळ्या'चाही उल्लेख आहे. मजकुरात मात्र त्याविषयी एक शब्दही नाही. मूळ कायद्यात हा भाग दुसऱ्या पोटकलमात आहे. आपत्तीच्या कायद्यात ते पोटकलम आले नाही, शीर्षक मात्र तसेच राहिले.

हा दोष केवळ मसुदालेखनाचा मानून सोडून देता येत नाही. अमली पदार्थविरोधी कायद्यातील अधिकारी हा छापा, जप्ती आणि अटक करणाऱ्या मर्यादित वर्गातील असतो. तो कामापासून दूर झाला तर त्यामागे तस्कराशी संगनमत असल्याचा संशय घेण्यास जागा असते. आपत्तीत कामावर न पोहोचलेल्या कर्मचाऱ्याची स्थिती अगदी निराळी असते. त्याचे स्वतःचे घर पडलेले असते, त्याची मुले पुराच्या पाण्यात अडकलेली असतात, त्याच्या गावाकडून येणारा पूल वाहून गेलेला असतो. एका ठिकाणी ज्या वर्तनाचा अर्थ भ्रष्टाचार असा होतो, त्याचाच दुसऱ्या ठिकाणी असहायता असा होऊ शकतो. उसन्या भाषेने हा भेद पुसून टाकला आहे.

'अधिकारी' म्हणजे कोण?

अधिनियमाच्या कलम २ मध्ये अनेक संज्ञांच्या व्याख्या आहेत. 'अधिकारी' या शब्दाची नाही. याउलट अडथळा आणणाऱ्यास शिक्षा सांगणाऱ्या कलम ५१ मध्ये 'अधिकारी किंवा कर्मचारी' असा दुहेरी शब्दप्रयोग आहे. सद्हेतूने केलेल्या कृत्यास संरक्षण देणाऱ्या कलम ७३ मध्येही दोन्ही शब्द आहेत. विधिमंडळाला जेथे दोघेही अभिप्रेत होते तेथे त्याने दोघांचा उल्लेख केला, असा अर्थ यातून निघतो. दंडविषयक कायद्याचा अर्थ काटेकोरपणे लावावा हे तत्त्व मानल्यास शिपाई, सफाई कामगार, कंत्राटी वाहनचालक, मानधनावरील आशा स्वयंसेविका यांना कलम ५६ लागू करणे कठीण आहे.

हा प्रश्न शिक्षकांच्याही जवळचा आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २७ नुसार शालेय शिक्षकास शिक्षणेतर कामे देता येत नाहीत. मात्र दशवार्षिक जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण यांचा त्यास अपवाद आहे. २०२० च्या महामारीत महाराष्ट्रातील अनेक शिक्षकांना सर्वेक्षणाची व तत्सम कामे देण्यात आली. अशा शिक्षकाचे 'पदाचे कर्तव्य' अध्यापन की सर्वेक्षण, आणि तो 'अधिकारी' आहे काय, या दोन्ही प्रश्नांना कलमात उत्तर नाही.

मागील दाराने शिक्षा

येथे एक गंभीर विसंगती उद्भवते. कलम ५१ (ब) अन्वये जिल्हा प्राधिकरणासारख्या यंत्रणेचा निर्देश वाजवी कारणाविना नाकारणारी कोणतीही व्यक्ती दोषी ठरते. कामावर हजर राहण्याचा आदेश हाही निर्देशच, असे मानून कर्मचाऱ्यावर या कलमाखाली गुन्हा नोंदविता येऊ शकतो. कलम ५९ ची पूर्वमंजुरी मात्र केवळ कलम ५५ व ५६ पुरतीच आहे. म्हणजे जे संरक्षण अधिकाऱ्यास मिळते ते कनिष्ठ कर्मचाऱ्यास मिळेलच असे नाही. शिवाय निर्देश नाकारल्यामुळे जीवितहानी झाली तर कलम ५१ खाली शिक्षा दोन वर्षांपर्यंत वाढते. कलम ५६ मध्ये अशी वाढ नाही. अधिकाऱ्याने कर्तव्य सोडल्यामुळे माणसे मेली तरी मर्यादा एक वर्षाचीच राहते.

विभागप्रमुखाच्या दायित्वाविषयीचे कलम ५५ पाहिले असता ही उतरंड अधिकच स्पष्ट होते. गुन्हा आपल्या नकळत घडला किंवा आपण योग्य ती सर्व दक्षता घेतली होती, असे सिद्ध केल्यास प्रमुख मुक्त होतो. नियंत्रण कक्षात दुसरी पाळी का नव्हती, परिचारिकेला संरक्षक साधने का मिळाली नाहीत, हे प्रश्न वरच्या पातळीचे आहेत. दंडाचे टोक मात्र खालच्या पातळीवर रोखलेले राहते.

हेतूचा प्रश्न

'नाकारणे' आणि 'दूर होणे' या क्रियांमध्ये इच्छा गृहीत आहे. 'थांबविणे' याविषयी तसे खात्रीने म्हणता येत नाही. नथुलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोषी मन हा गुन्ह्याचा आवश्यक घटक असल्याचे गृहीतक मान्य केले आहे. त्याहून निकटचा निर्णय म्हणजे कृष्णकांत परमार विरुद्ध भारत सरकार (२०१२). अनधिकृत अनुपस्थिती बुद्धिपुरस्सर असल्याचे सिद्ध झाल्याखेरीज ती गैरवर्तन ठरत नाही. आजारपण, अपघात अशा कारणांनी माणूस नाइलाजाने गैरहजर राहू शकतो, असे न्यायालयाने त्यात म्हटले. हा निर्णय विभागीय कारवाईसंबंधी होता. नोकरी जाण्यासाठी जर बुद्धिपुरस्सरता सिद्ध करावी लागते, तर तुरुंगात जाण्यासाठी ती अधिकच आवश्यक मानली पाहिजे.

लेखी परवानगीची अटही वास्तवाला धरून नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईतील रेल्वे, रस्ते व दूरध्वनी सेवा कोलमडल्या होत्या. हा अधिनियम त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संमत झाला. तरीही संपर्कच तुटलेला असताना लेखी परवानगी कोणी कोणाकडे मागावी, याचा विचार त्यात दिसत नाही.

एक पर्यायी निकष

अशा अनुपस्थितीस फौजदारी शिक्षा असूच नये, असे प्रतिपादन येथे अभिप्रेत नाही. भारतीय कायद्याच्या इतिहासातच याचा एक समंजस निकष सापडतो. मूळ भारतीय दंड संहितेत सेवाकराराचा भंग गुन्हा ठरविणारी तीन कलमे होती. त्यांपैकी ४९० व ४९२ ही कलमे १९२५ मध्ये रद्द झाली. कलम ४९१ तेवढे टिकले आणि आज ते भारतीय न्याय संहितेत कलम ३५७ म्हणून कायम आहे. असहाय व्यक्तीची देखभाल करण्याचा करार मोडणे हा त्याचा विषय. मालकाची गैरसोय ही गुन्ह्यास पुरेशी नाही, अवलंबून असलेल्याची असहायता मात्र पुरेशी आहे, हे तत्त्व त्यामागे दिसते.

हाच निकष कलम ५६ ला लावता येईल. कर्तव्य नावानिशी व आगाऊ सोपविलेले होते काय, त्या व्यक्तीच्या जागी दुसरी व्यवस्था अशक्य आहे याची तिला जाणीव होती काय, आणि तिच्यावर कोणाचा जीव थेट अवलंबून होता काय, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी असेल तरच कृत्य गुन्हा मानावे. एरवी ते शिस्तभंगाच्या क्षेत्रात राहू द्यावे. त्याबरोबरच 'अधिकारी' या शब्दाची व्याख्या, विधिसंमत सबबींचे उदाहरणादाखल विवरण, मंजुरीच्या निर्णयासाठी कालमर्यादा आणि साधने पुरविण्याचे शासनाचे पूर्वदायित्व यांचा समावेश कायद्यात व्हावयास हवा.

समारोप

२०२५ च्या दुरुस्तीने राज्यांच्या राजधान्या व महानगरपालिकांच्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणांची तरतूद केली. कर्तव्य वाहणाऱ्यांची संख्या त्यामुळे वाढणार आहे. कलम ५६ मात्र होते तसेच आहे. आपत्तीत जागा सोडणाऱ्यास जाब विचारण्याचा नागरिकांना अधिकार आहेच. पण तो विचारताना पळून गेलेला आणि पोहोचू न शकलेला यांतील अंतर कायद्याला ओळखता आले पाहिजे. हे अंतर न ओळखणाऱ्या तरतुदीचा धाक प्रामाणिक कर्मचाऱ्यालाच अधिक वाटतो आणि ज्याच्यासाठी ती केली तो मंजुरीच्या फाइलीआड सुरक्षित राहतो.