सभ्य जीभ आणि मोठं घर

मंडळी, आजच्या व्याख्यानाचा विषय ‘धर्म, समलिंगी विवाह आणि वादातली सभ्यता’ असा जाहीर झाला आहे. त्यातला शेवटचा शब्द आम्ही आधी घेतो, कारण तो फार सहज वापरला जातो. या विषयावरची कुठलीही चर्चा घ्या, टीव्हीवरची किंवा सोसायटीच्या गच्चीवरची. कोणीतरी म्हणतंच, ‘वाद घाला, पण सभ्यपणे.’ सगळे माना डोलावतात. पुढे हिशेब असा होतो की ज्याचा आवाज चढला तो असहिष्णू आणि जो गोड बोलला तो सहिष्णू. हा हिशेब चुकतो. जीभ सभ्य असणं वेगळं आणि समोरच्याला आपल्या शेजारी राहायला जागा देणं वेगळं. महाराष्ट्रात तर ही गल्लत अजिबात परवडणारी नाही, कारण आपल्याकडे ज्यांनी सगळ्यात मोठी जागा दिली त्यांची जीभ चांगलीच तिखट होती.

जोतीराव फुल्यांबद्दल बोलतो आहोत. पुरोहितवर्गाबद्दल त्यांनी जे लिहिलं ते आज एखाद्या चर्चेत बोलले असते, तर सूत्रसंचालकानं दुसऱ्या वाक्याला माइक बंद केला असता. आता त्याच जोतीरावांचं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ उघडा. पक्षाघातानं उजवा हात गेल्यावर डाव्या हातानं लिहिलेलं, त्यांच्या मृत्यूनंतर 1891 साली प्रसिद्ध झालेलं पुस्तक. त्यात एक घर येतं. त्या घरातल्या बाईला बौद्ध ग्रंथ वाचून पटलं तर तिनं बौद्ध व्हावं, नवऱ्याला बायबल वाचून पटलं तर त्यानं ख्रिस्ती व्हावं, मुलीनं कुराण वाचून मुसलमान व्हावं, मुलानं सत्यधर्मी व्हावं, आणि सगळ्यांनी एकमेकांचा हेवा न करता एका कुटुंबात प्रेमानं राहावं, अशी ती कल्पना आहे.

इथे जरा थांबू. या घरात कोणालाही ‘तुझंही बरोबर, माझंही बरोबर’ असं म्हणायला लावलेलं नाही. मुलीला आईचं चुकतंय असं वाटू शकतं, बापाला मुलाचं. ते वाटणं तसंच राहतं, आणि तरी कोणी कोणाला घराबाहेर काढत नाही. सहिष्णुतेचा अर्थ आम्ही एवढाच घेतो. मात्र या घरात दोन पुरुषांचा किंवा दोन बायकांचा संसार नाही, हेही सांगून टाकतो. जोतीरावांना आजच्या मोर्चात झेंडा देऊन उभं करण्याची आम्हाला हौस नाही. आम्हाला त्यांच्याकडून वाद घालण्याची रीत हवी आहे.

आणि ती रीत लग्नाच्याच वादात सगळ्यात स्पष्ट दिसते. 25 डिसेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाजानं ब्राह्मण पुरोहिताशिवाय पहिलं लग्न लावलं. आज आपण त्याला ‘साधा विवाह’ म्हणून मोकळे होतो. पण त्या काळच्या धर्मनिष्ठ माणसाला ते लग्नच वाटत नव्हतं, हे विसरू नका. भटजी नाही, मंत्र नाहीत, म्हणजे विधी नाही. विधी नाही म्हणजे संस्कार नाही. मग ती दोघं नवरा-बायको कशी? हा प्रश्न विचारणारे सगळे दुष्ट होते असं मानायचं कारण नाही. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

पुढे जुन्नरजवळच्या ओतूरला बाळाजी कुसाजी पाटील यांनी घरचं लग्न जोशाला न बोलावता लावलं आणि गावचे जोशी कोर्टात गेले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोचलं. 1890 मध्ये पाटलांच्या बाजूनं निकाल लागला: जोशाला न बोलावता लग्न लावता येतं, आणि न बोलावलेल्या जोशाला दक्षिणा देणं लागत नाही. या निकालाकडे लोक विजय म्हणून बघतात, तो आहेच. आम्हाला त्यातली विभागणी मोलाची वाटते. त्या निकालानं जोशांना कोणी म्हणालं नाही की तुम्ही हे लग्न पवित्र माना. त्यांनी ते मनात मानलं नाही तरी चालणार होतं. त्यांना एवढंच सांगितलं गेलं की तुमच्या न मानण्याची किंमत पाटलांच्या घरातून वसूल होणार नाही. एक प्रश्न श्रद्धेचा, एक प्रश्न हक्काचा. दोन्ही वेगळे केले की अर्धं भांडण उरतच नाही.

आता 2023 वर या. समलिंगी विवाहाच्या याचिका सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींसमोर 18 एप्रिल ते 11 मे अशा दहा दिवस चालल्या. घटनापीठानं सुरुवातीलाच सांगितलं की आम्ही धर्मांच्या व्यक्तिगत कायद्यांत शिरणार नाही, फक्त विशेष विवाह कायदा, 1954 बघू. म्हणजे ओतूरची विभागणी पहिल्याच दिवशी टेबलावर होती. मंदिर नाही, मशीद नाही, चर्च नाही. निबंधकाच्या कार्यालयातलं रजिस्टर.

पण त्यावरचा सार्वजनिक वाद बघा. जमियत उलेमा-ए-हिंद न्यायालयात विरोधात उभी राहिली, ती धर्माच्या शिकवणीचा आणि स्त्री-पुरुष विवाहाच्या कल्पनेचा आधार घेऊन. मार्चमध्ये पानिपतला संघाच्या प्रतिनिधी सभेनंतर दत्तात्रेय होसबाळे यांनी विवाह हा संस्कार आहे आणि तो स्त्री-पुरुषांतच होतो, अशी भूमिका मांडली. एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या या दोन संघटना एका बाकावर बसल्या, ही गंमत नोंदवून पुढे जातो. आमचा मुद्दा असा की दोघांचंही उत्तर श्रद्धेच्या प्रश्नाला होतं, आणि तो प्रश्न न्यायालयानं विचारलेलाच नव्हता.

त्याआधी जानेवारीत सरसंघचालक मोहन भागवत यांनी ‘पांचजन्य’ आणि ‘ऑर्गनायझर’ला दिलेली मुलाखत अनेकांना आठवत असेल. असे लोक माणूस आहे तेव्हापासून आहेत, त्यांना त्यांचा खासगी अवकाश मिळावा, तेही समाजाचा भाग आहेत असं त्यांना वाटावं, असं ते म्हणाले. जरासंधाच्या हंस आणि डिंभक या दोन सेनापतींचा दाखलाही त्यांनी दिला. भाषा अतिशय सभ्य. शिवी नाही, ‘विकृती’ हा शब्द नाही. दहा वर्षांपूर्वीच्या सार्वजनिक भाषेच्या तुलनेत हे मोठंच पाऊल होतं आणि ते नाकारणं कोतेपणाचं होईल. पण त्या सौम्य जानेवारीनंतर दोनच महिन्यांत रजिस्टरचा प्रश्न आला आणि दार बंद झालं. पुराणात जागा आहे, नोंदवहीत नाही. सभ्य जीभ आणि छोटं घर म्हणतात ते हे.

केंद्र सरकारच्या मांडणीत आणखी एक शब्दप्रयोग आला: ही मागणी शहरी उच्चभ्रूंची आहे. इथे खरवईत बसून हा शब्द ऐकताना मजा वाटते. बदलापूर शहर की गाव, यावर आपल्यातच अजून एकमत नाही, आणि सकाळच्या मुंबईच्या लोकलला लटकणाऱ्याला उच्चभ्रू म्हटलं तर तो हसेल. 1987 अखेरीस मध्य प्रदेशात दोन महिला पोलीस शिपायांनी एकमेकींशी लग्न केलं आणि नोकरी गमावली. त्या कुठल्या क्लबाच्या सभासद होत्या? निकालात सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी ‘शहरी, उच्चभ्रू’ हा मुद्दा विस्तारानं खोडला. सभ्यतेच्या दृष्टीनं आम्हाला हा शब्दप्रयोग शिवीपेक्षा वाईट वाटतो. शिवी देणारा निदान माणूस समोर आहे हे कबूल करतो. ‘उच्चभ्रू’ म्हणणारा सांगतो की हा माणूस आपल्यातला नाहीच, त्याला उत्तर द्यायची गरज नाही.

दगडफेक्यांबद्दल फार बोलत नाही, कारण त्यांचा निषेध करणं सोपं आहे. डिसेंबर 1998 मध्ये दीपा मेहतांच्या ‘फायर’चे खेळ मुंबईत मोडतोड करून बंद पाडले गेले. त्या चित्रपटातल्या दोन बायकांची नावं राधा आणि सीता का, हा आक्षेप होता. सेन्सॉरचं प्रमाणपत्र असलेला चित्रपट. तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी मोडतोड करणाऱ्यांचं जाहीर अभिनंदन केलं. आम्ही पुढे जातो, कारण खरी अडचण मोडतोड न करणाऱ्या भल्या माणसांची आहे.

त्या भल्या माणसाचं मराठीतलं सगळ्यात नेमकं चित्र विजय तेंडुलकरांनी काढून ठेवलं आहे. ‘मित्राची गोष्ट’, 1981. सुमित्रा, म्हणजे मित्रा, हिला बायकांबद्दल ओढ आहे, तिचं नमावर प्रेम आहे, आणि हे सगळं आपल्याला सांगतो तो बापू. या नाटकाबद्दल बोलताना बहुतेक जण मित्राच्या धाडसाबद्दल आणि तेंडुलकरांच्या धाडसाबद्दल बोलतात. आमचं लक्ष बापूकडे जातं. तो मित्राला शिवी देत नाही. तिचं ऐकून घेतो, तिला आपली खोली देतो. तो अगदी सभ्य आहे. आणि तरी शेवटी त्याचाही हात सुटतो, आणि मित्रा आयुष्य संपवते. गोष्ट सांगायला उरतो बापू. आमचं मत असं आहे की तेंडुलकरांचा रोख कॉलेजातल्या टवाळांपेक्षा बापूवर जास्त आहे, प्रेक्षागृहात बसलेल्या आपल्यावर. मात्र नाटकाची एक मर्यादाही सांगायला हवी. मित्राला मरण देऊन नाटक प्रेक्षकाला सुटका देतं. ती जगली असती, दादरला नाहीतर बदलापूरला भाड्याची खोली घेऊन नमाबरोबर राहिली असती, तर रोजच्या प्रश्नांना प्रेक्षकाला तोंड द्यावं लागलं असतं. मेलेल्या माणसाबद्दल हळहळणं सोपं असतं. चेतन दातारांच्या ‘एक माधवबाग’मध्ये समलिंगी मुलाची आई बोलते. तिथे मुलगा जिवंत आहे, घरात आहे, आणि आईलाच बदलावं लागतं. वादाच्या दृष्टीनं ते जास्त अवघड काम.

आता आपल्या बाजूचं. समतेच्या बाजूनं बोलणारे आपण लोक ‘लग्न हा संस्कार आहे’ एवढं कोणी म्हटलं की त्याला प्रतिगामी ठरवतो. हे अन्यायाचं आहे आणि खोटंही. ज्या बाईनं पन्नास वर्षं सप्तपदीला अर्थ दिला, तिच्या ‘संस्कार’ शब्दात तिचं सगळं आयुष्य आहे. तिनं तो शब्द टाकून द्यावा अशी मागणी ओतूरच्या निकालानंही केली नव्हती. आपण ती केली की आपणच श्रद्धेचा आणि हक्काचा प्रश्न पुन्हा एकात कालवतो, आणि मग समोरच्याला ‘बघा, हे आमच्या धर्मात हात घालतायत’ म्हणायची सोय होते.

17 ऑक्टोबर 2023 चा निकाल सगळ्यांना माहीत आहे. विवाहाचा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत. नागरी सहजीवनाला मान्यता द्यावी यावर दोन विरुद्ध तीन. जानेवारी 2025 मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. दरम्यान एक काम मुकाट्यानं झालं, त्याची चर्चा फार झाली नाही. एप्रिल 2024 मध्ये केंद्रानं कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऑगस्टमध्ये अर्थ खात्यानं स्पष्ट केलं की अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी म्हणून नेमायला मनाई नाही. रेशनकार्डासाठी जोडीदारांना एकाच घरातले समजावं, अशा सूचना राज्यांना गेल्या. जोडीदाराचं पार्थिव ताब्यात मिळण्याबद्दलही पत्र गेलं. यात पवित्र-अपवित्र काहीच नाही. खातं, धान्य, प्रेत. सूचना कायद्याइतकी पक्की नसते, उद्या मागे घेता येते, हे खरं. पण ज्यांना सहिष्णुता मोजायची आहे त्यांनी ती इथे मोजावी. शिधावाटप कार्यालयातला कारकून ‘नातं काय?’ विचारतो तेव्हा त्या दोघांच्या अर्जावर काय लिहिलं जातं, यावर.

वेळ संपत आली आहे. श्रोत्यांकडून एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो: ‘उद्या कायदा झाला तर आमच्या गुरुजींना अशी लग्नं लावायला भाग पाडाल का?’ नाही. गुरुजींनी ‘माझ्या शास्त्रात हे बसत नाही’ म्हणून नकार दिला तर तो त्यांचा हक्क, आणि त्यांना कोणी ओढत नेऊ लागलं तर आम्ही गुरुजींच्या बाजूनं उभे राहू. पण त्याच गुरुजींनी निबंधकाच्या कार्यालयात येऊन रजिस्टरवर हात ठेवला, तर तेव्हा आम्ही त्यांच्यासमोर असू. चिठ्ठी लिहिणाऱ्यांना हे अर्धंच उत्तर वाटेल. त्यांनी पुढचा प्रश्न उभं राहून विचारावा, माइक तिकडे पाठवतो आहोत.