‘११ ते १३’ हा आकडा वाचताना

‘११ ते १३ वर्षांच्या मुलींना सोशल मीडिया सर्वांत घातक’, अशा धर्तीचा मेसेज पालकांच्या एखाद्या ग्रुपवर तुम्हीही वाचला असेल. हा आकडा हवेतून आलेला नाही. एमी ऑर्बेन आणि सहकाऱ्यांचा एक पेपर २०२२ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आला, त्यातला तो आहे. पेपर चांगला आहे. म्हणूनच तो नीट वाचायला हवा.

आधी त्याची जमेची बाजू. एरवी अशा अभ्यासांत जास्त फोन वापरणाऱ्या मुलांची तुलना कमी वापरणाऱ्यांशी होते. पण त्या दोघांची घरंच वेगळी असतात: पैसा, शाळा, आईवडिलांना मिळणारा वेळ, सगळंच. इथे ब्रिटनमधल्या १० ते २१ वयाच्या १७,४०९ जणांची दरवर्षी गोळा केलेली माहिती घेतली आणि प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्याच सरासरीशी केली. एखादीनं एरवीपेक्षा जास्त वेळ सोशल मीडियावर घालवला, तर वर्षभरानं ती एरवीपेक्षा कमी समाधानी दिसते का? मुलींमध्ये ११ ते १३, मुलांमध्ये १४-१५ आणि दोघांतही १९ या वयाला उत्तर ‘हो’ आलं.

मेसेजमधून गळलेली गोष्ट अशी, की हा बाण उलटाही जातो. जी मुलं एरवीपेक्षा कमी समाधानी होती, ती पुढच्या वर्षी सोशल मीडियावर जास्त वेळ होती. म्हणजे फोन दुखण्याचं कारण असू शकतो, तसंच लक्षणही. शिवाय दिसलेला परिणाम लहान आहे. ‘सर्वांत घातक’ हे शब्द पेपरचे नाहीत, ते ग्रुपचे आहेत.

माझा मुख्य आक्षेप मात्र मोजमापावर आहे. मुलांना विचारलेला प्रश्न साधारण असा होता: शाळेच्या दिवशी तू सोशल साइटवर मित्रमैत्रिणींशी गप्पा मारण्यात किती तास घालवतोस? ही माहिती २०१८ पर्यंतची. आपल्याकडे रील्स आणि शॉर्ट्स दोन्ही आले २०२० मध्ये. आज आईच्या फोनवर, आईच्याच खात्यावरून दोन तास शॉर्ट्स बघणारी अकरा वर्षांची मुलगी या प्रश्नाला ‘अजिबात नाही’ म्हणेल, आणि ते खरंही असेल. तिचं स्वतःचं खातं नाही, ती कुणाशी बोलत नाही, फक्त बघते. या पेपरच्या हिशेबात तिचा वापर शून्य.

म्हणून हा आकडा तिच्यावर जसाच्या तसा चिकटवता येत नाही. तिला धोका आहे असं यातून सिद्ध होत नाही, आणि नाही असंही नाही. त्यासाठी वेगळं मोजावं लागेल: काय बघितलं, कुणाच्या फोनवर, कुणाच्या शेजारी बसून, आणि त्या दोन तासांत एरवी काय झालं असतं. झोप? खेळ? की नुसतं भिंतीकडे बघत बसणं?

तोवर मेसेजपेक्षा या पेपरची पद्धत उचलावी, असं मला वाटतं. शेजारची मुलगी किती तास फोन बघते, ते राहू द्या. आपली मुलगी तिच्याच एरवीच्या वागण्यापेक्षा वेगळी वागतेय का, ते बघा. फोन अचानक वाढला असेल तर तो काढून घेण्याआधी विचारा, ‘काय झालंय?’ बाण दोन्हीकडे जातो, हे विसरू नका.