कुऱ्हाड हातात घेतलेला नट

चार वर्षांपूर्वीच्या वैशाखात आमच्या गावच्या आडावर मी एका सकाळी सतरा वेळा पाणी शेंदले. घागर वर आली की ती पुन्हा आडातच ओतायची आणि पुन्हा खाली सोडायची. त्या पाण्यातले घोटभरही कोणाच्या मुखी लागले नाही. त्याचे असे झाले, की गावात टेलिफिल्म करणारी मंडळी उतरली होती. त्यांना पाणी शेंदणारा एक म्हातारा हवा होता. शाळेच्या संमेलनात दरसाल दाढी चिकटवून उभा राहणारा मास्तर त्यांना आयताच मिळाला. केसांना पांढरी पूड फासली, अंगात जुनी बंडी चढवली, आणि चाळिशीतला मी सत्तरीचा झालो. एकदा ऊन ढगाआड गेले, एकदा कोणाची तरी मोटारसायकल वाजली, एकदा मी नको तिथे पाहिले. दुपारी बारा वाजता तळहातांना फोड आले होते. पण मनात मात्र वाटत होते, की आज आपण काही तरी केले.

पुढे ती फिल्म लागली. शेजारपाजारची मंडळी आणि माझ्या वर्गातली दहाबारा मुले आमच्या टीव्हीसमोर दाटीवाटीने बसली. घरातून चहा यायच्या आत माझे काम होऊनही गेले. माझी पाठ दिसली, मग दोर दिसला, मग नायिका दिसली. फोड आलेले हात दिसलेच नाहीत. रहाटाचा आवाज होता, पण तो आमच्या रहाटाचा नव्हता. एक मुलगा म्हणालाच, "गुरुजी, आपला रहाट असा कुठं वाजतो?"

मला राग आला, हे कबूल करतो. लेखकाला ही सवय नसते. कादंबरीतले एखादे प्रकरण मी फाडून टाकले, तरी फाडणारा हात माझाच असतो. नाटकातल्या नटाचेही तसेच. पडदा वर गेल्यापासून पडेपर्यंतचा काळ त्याच्या मालकीचा. त्यात तो चुकेल, सावरेल, पण मधले दहा क्षण कापून कोणी खिशात घालू शकत नाही. कॅमेऱ्यापुढच्या नटाला मात्र सुईदोऱ्यासारखे वापरतात. शिवण दिसते, सुई कोणाला दिसत नाही. त्यातून टेलिफिल्मच्या नटाची तऱ्हा आणखीच न्यारी. चित्रपटाचा नट निदान थिएटरात मागच्या खुर्चीवर बसून लोकांचा श्वास ऐकू शकतो. याचे काम ज्या घरांत पोचते तिथे कोणी भाजी निवडत असते, कोणी मुलाला थोपटत असते, आणि तो त्यांपैकी एकाही घरात नसतो.

हा रुसवा मनात असतानाच मी सत्यजित राय यांची 'सद्गती' पुन्हा पाहिली, आणि माझ्या फोडांची किंमत मला नीट कळली.

'सद्गती' १९८१ सालची. दूरदर्शनसाठी रायबाबूंनी प्रेमचंदांच्या कथेवर केलेली, जेमतेम पन्नास मिनिटांची, हिंदी फिल्म. छत्तीसगडातल्या खेड्यांत तिचे चित्रण झाले. कथा चार ओळींची आहे. दुखी नावाचा चर्मकार. मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढायला पंडिताने घरी यावे म्हणून त्याच्या दारी जातो. पंडित म्हणतो, येतो, पण आधी हे झाड, ते वाहा, आणि तो ओंडका फोड. दुखी नुकता तापातून उठलेला, पोटात अन्न नाही. ओंडका गाठीचा आहे. घाव घालता घालता दुखी तिथेच मरतो. मग त्या देहाला हात कोणी लावायचा, हा प्रश्न पंडितापुढे उभा राहतो. फराळाच्या ताटाशेजारी हा विषय काढला म्हणून गृहिणी रागावतील. पण दिवाळीचा अंक घरातली सगळी माणसे वाचतात, म्हणूनच तो काढला.

दुखीच्या कामात ओम पुरी आहेत. आता या फिल्ममध्ये नटाने करायचे काय? संवाद थोडे आहेत. उरते ते लाकूड फोडणे. आणि इथेच नटाच्या अनुभवाचा आणि तयार झालेल्या कृतीचा एक चमत्कारिक संबंध जुळतो. राजा झालेला नट खरा राजा नसतो, रडणारा नट खरा दुःखी असेलच असे नाही. पण कुऱ्हाड हातात घेतलेला नट खरोखरच घाव घालतो. कुऱ्हाडीचे वजन खोटे करता येत नाही. ती डोक्यावर गेली की पाठीचा कणा आपला आपणच वाकतो. धाप आणता येते म्हणतात. पण आणलेली धाप आणि लागलेली धाप यांतला फरक शेतावर राबलेल्या कोणत्याही माणसाला ऐकताक्षणी कळतो. दुखीचा घाम कुठे संपतो आणि ओम पुरींचा कुठे सुरू होतो, हे त्या फिल्ममध्ये सांगता येत नाही. माझ्या पाणी शेंदण्यात आणि या लाकूड फोडण्यात अंतर आहे ते एवढेच, की त्या मंडळींना माझ्या कष्टांची गरज नव्हती. त्यांना पाण्याची घागर वर आलेली हवी होती. रायबाबूंना कष्टच दाखवायचे होते.

तरीही एक गोष्ट विसरून चालणार नाही. 'कट' म्हटले की नट कुऱ्हाड खाली ठेवतो आणि त्याच्या हातात पाण्याचा पेला येतो. दुखीला 'कट' म्हणणारा कोणी नव्हता. उत्तम नटाला हे अंतर ठाऊक असते. ओम पुरींच्या चेहऱ्यावर म्हणूनच कुठेही 'पाहा मी किती सोसतो' असा भाव नाही. दुखीला आपल्यावर अन्याय होतो आहे हे जवळजवळ शेवटपर्यंत कळलेले नाही. त्याला लाज वाटते आहे ती लाकूड फुटत नाही याची. असली लाज करून दाखवणे मला फार अवघड वाटते. १९८०च्या 'आक्रोश'मध्येही हे नट जवळजवळ मुके होते. पण त्या मुकेपणात संताप दाबलेला होता. इथे संताप उशिरा येतो, तोही पंडितावर नव्हे, ओंडक्यावर.

एक तक्रार नोंदवतो. दुखी जिथे लाकूड फोडतो तिथे रावणाची भली मोठी मूर्ती आहे. त्या मुलखात अशा मूर्ती असतात हे खरे, आणि राय डोळ्यांनी पाहणारे दिग्दर्शक. तरी ती मूर्ती मला बोटाने दाखवल्यासारखी वाटते. रावण कोण ते आम्हांला पंडिताच्या ओसरीवरच कळलेले असते.

हा पंडित म्हणजे आपले पुण्याचे डॉ. मोहन आगाशे. योगायोग कसा असतो पाहा. तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये १९७२ पासून आगाशे नाना फडणवीस होते; आणि प्रेमचंदांच्या या पंडिताचे नाव आहे घासीराम! तिथे ते भर रंगमंचावर, माणसांच्या भिंतीपुढे, सबंध संध्याकाळ आपल्या मुठीत धरीत. इथे मूठ उघडून सगळे काही दिग्दर्शकाच्या ओंजळीत टाकायचे. त्यांनी ते टाकले आहे. हा पंडित दुष्टपणा करीत नाही. तो जेवतो, झोपतो, ग्रंथ चाळतो, सवयीने बोलतो. दुष्ट माणूस रंगवण्याचा मोह कोणत्याही नटाला होतो, कारण टाळी तिथेच असते. टीव्हीच्या फिल्मला टाळी नाही, हे इथे उपकारकच ठरले असेल.

आणि शेवटचा तो प्रसंग. रात्री पाऊस पडून गेलेला. पंडित काठीने प्रेताचा पाय उचलतो, हात न लावता दोरीचा फास त्यात अडकवतो आणि ओढू लागतो. दिवसभर ज्याने इकडची काडी तिकडे केली नाही, तो माणूस आता ओझे ओढतो आहे. आदल्या सकाळपासून प्रथमच त्याला धाप लागते. मी हा प्रसंग दोनदा मागे नेऊन पाहिला, तो यासाठी, की ओढणारा नट आहे आणि ओढला जाणाराही नट आहे. एकाला दोरी हाताला काचली असेल, दुसऱ्याने खडे लागत असताना श्वास धरला असेल. त्या दोघांनी तेव्हा जे भोगले ते एक. आपण पाहतो ते दुसरेच. आपल्याला त्यात शतके दिसतात. त्या क्षणी त्या दोघांना काय दिसले असेल? बहुधा दोरी आणि खडे. आणि मला वाटते तेवढेच दिसायला हवे. नटाला शतके दिसू लागली की तो भाषण करू लागतो.

झुरियाच्या, म्हणजे दुखीच्या बायकोच्या कामात स्मिता पाटील आहेत. काम लहान आहे. पावसात नवऱ्याच्या देहाशी आणि मग पंडिताच्या बंद दाराशी तिचा आक्रोश, हाच त्याचा गाभा. पण मला त्यांच्याविषयी निराळेच काही सांगायचे आहे. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले आणि पुढे स्मिता पाटील तिथे मराठी बातम्या वाचू लागल्या. बातमी वाचणे आणि ती घरोघर ऐकली जाणे हे एकाच क्षणी घडायचे; केलेले आणि दिसलेले यांत कात्रीला जागाच नसायची. त्याच छोट्या पडद्यासाठी त्यांनी हा आक्रोशही केला, आणि तो कापून, जोडून, महिन्यांनंतर लोकांपुढे गेला. एकाच पडद्याची ही दोन रूपे इतक्या जवळून पाहिलेली कलावंत आपल्याकडे दुसरी क्वचितच असेल. १९८६च्या डिसेंबरात त्या गेल्या.

आणि अंतिम कृती म्हणून जी आपण म्हणतो, ती तरी अंतिम कुठे असते? 'सद्गती' रंगीत आहे. आपल्याकडे रंगीत प्रक्षेपणाला १९८२ साली आरंभ झाला, आणि तेव्हा बहुतेक घरांतले संच काळेपांढरेच होते. म्हणजे छत्तीसगडच्या त्या मातीचा रंग ज्यांच्यासाठी टिपला, त्यांतल्या बहुतेकांना ती राखेसारखी करडी दिसली.

ओम पुरींनी आणखी एकदा असेच न संपणारे काम केले, गोविंद निहलानींच्या 'तमस'मध्ये. ही जवळजवळ पाच तासांची फिल्म १९८८ साली दूरदर्शनवर भागाभागांनी लागली. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. तिचा आरंभच असा, की अंधाऱ्या खोलीत नथ्थू डुक्कर मारायला निघाला आहे आणि ते मरता मरत नाही. नथ्थूही चर्मकारच. त्यालाही वरच्या माणसाने काम सांगितलेले, त्यालाही ते कशासाठी ते ठाऊक नाही. सकाळी ते डुक्कर मशिदीच्या पायरीवर सापडते आणि गाव पेटते. ओंडका फुटत नाही, डुक्कर मरत नाही; आणि दोन्ही वेळा हातात हत्यार घेतलेला हाच नट. 'सद्गती'त तो थकतो, 'तमस'मध्ये घाबरतो. माझ्या मते पहिले काम अधिक मोठे आहे, कारण भीतीला अंधाराची, दिव्याची, सावल्यांची मदत होते. दुखी उन्हात उभा आहे.

'तमस'मध्ये कादंबरीकार म्हणून मला हेवा वाटला तो भीष्म साहनींचा. १९७० साली भिवंडीत दंगल झाली तेव्हा ते तिथे गेले होते, आणि ती जळलेली वस्ती पाहून त्यांना १९४७चे रावळपिंडी आठवले. त्यातून ही कादंबरी झाली. तिला १९७५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. फिल्ममध्ये घरदार सोडून वाट तुडवणारा म्हातारा हरनामसिंग खुद्द त्यांनीच केला आहे. बायको बंतो म्हणजे दीना पाठक. स्वतः लिहिलेल्या वाक्याच्या पायवाटेवरून स्वतःच्या पायांनी चालायचे, आणि त्यातले किती ठेवायचे ते दुसऱ्याने ठरवायचे! मी आडावर रुसलो होतो. साहनी कोठेही रुसलेले दिसत नाहीत. नुसते थकलेले, बायकोला सांभाळणारे दिसतात.

या फिल्मविरुद्ध लोक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी ती सगळीच्या सगळी स्वतः पाहिली आणि दाखवायला हरकत नाही असा निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयानेही तोच उचलून धरला. मला हे फार आवडते. नटाने तुकडे केले, प्रेक्षकांनी तुकडे पाहिले, वाद घालणाऱ्यांनी एखाददुसरा तुकडा धरून वाद घातला. सलग पाहिले ते न्यायमूर्तींनी.

असो. गेल्या हिवाळ्यात मी दहावीच्या मुलांना शाळेत 'सद्गती' दाखवली. काही मुली रडल्या. मागच्या बाकावर एक मुलगा बसतो, त्याचे वडील वखारीत लाकडे फोडतात. तो रडला नाही. फिल्म संपल्यावर त्याने विचारले, "गुरुजी, त्यानं पाचर का नाही मारली? गाठीच्या लाकडाला नुसती कुऱ्हाड चालत नाही."

मी म्हणालो, "अरे, तो चर्मकार. लाकूड फोडायची त्याला सवय कुठली?"

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग बरोबर आहे. नाहीतर त्या नटाला कोणीतरी शिकवलंच असतं की."