पंढरपूरच्या इतिहासलेखनातील एक उणीव

पंढरपूरविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. त्यांत कै. ग. ह. खरे यांचा 'श्रीविठ्ठल आणि पंढरपूर' व कै. रा. चिं. ढेरे यांचा 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) हे दोन ग्रंथ कोणाही अभ्यासकास टाळता येणार नाहीत. खऱ्यांनी शिलालेख व मूर्ती यांची कसून छाननी केली. ढेऱ्यांनी दैवताचे मूळ गोपजनांच्या लोकधर्मापर्यंत नेऊन भिडविले. तथापि उभयतांच्या विवेचनाचा मध्यबिंदु देव हाच आहे. देवाभोवती वसलेली वस्ती हेही इतिहासाचे स्वतंत्र साधन होय, या दृष्टीने तिचा अभ्यास व्हावयास हवा.

या दृष्टीची सूचना मंदिरातील चौऱ्यांशीच्या लेखातच सापडते. योनींचे फेरे चुकावेत म्हणून भाविक ज्या शिळेस पाठ घासत आले, तो शके ११९५ ते ११९९ (इ. स. १२७३–७७) मधील लेख म्हणजे वस्तुतः दात्यांची यादी होय. तींत रामदेवराव यादव व हेमाडपंत यांच्याबरोबर इतर अनेक भक्तांच्या देणग्या नमूद आहेत. ही यादी पुढे वस्तीत चालू राहिली, असेच म्हटले पाहिजे. महाद्वार घाटालगतचा होळकरांचा वाडा व त्यांतील राममंदिर, शिंद्यांच्या वाड्यातील बायजाबाईंचे द्वारकाधीश मंदिर, बोळाबोळांतून उभे असलेले फडकऱ्यांचे मठ, ही सर्व तिचीच पाने होत.

मंदिरातील लेखांवरून देवास कोणी काय दिले ते कळते. देवापासून कोणास दूर ठेवले, ते उंबऱ्याबाहेर कळते. चोखोबांची समाधी नामदेव पायरीसमोर, दाराबाहेर आहे. सर्वांस मंदिरप्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले, ते तनपुरे महाराजांच्या मठात. ही दोन स्थळे वगळून मंदिराचा इतिहास पुरा होत नाही.

२०२२ पासून मंदिर परिसराच्या 'कॉरिडॉर'ची योजना चर्चेत आहे. आषाढीची गर्दी व यात्रेकरूंची अडचण खरी आहे. योजनेच्या युक्तायुक्ततेचा निवाडा करणे हे या पृष्ठांचे काम नव्हे. परंतु घरे पाडावयाची ठरल्यास तत्पूर्वी प्रत्येक वाड्याचे मोजमाप, दप्तरे, तुळयांवरील लेख, बोळांची नावे व रहिवाशांच्या आठवणी यांची नोंद झाली पाहिजे. शिलालेखाचा ठसा आज ना उद्या घेता येईल. पाडलेल्या वाड्याचा घेता येणार नाही.