१०,५६७ वरून १,१०१: शाळांमध्ये नक्की काय कमी झालं?

शालेय आरोग्यावर संशोधन आराखडा लिहायला बसलात की न्यूयॉर्कचा हा आकडा तुम्हाला भेटणारच. सप्टेंबर १९०२ मध्ये तिथल्या शाळांतून आजारामुळे १०,५६७ मुलांना घरी पाठवलं गेलं. सप्टेंबर १९०३ मध्ये फक्त १,१०१. मध्ये काय घडलं? लिलियन वॉल्ड यांच्या पुढाकाराने ऑक्टोबर १९०२ मध्ये लीना रॉजर्स या परिचारिकेने चार शाळांत काम सुरू केलं आणि लवकरच आणखी परिचारिका नेमल्या गेल्या. मग वाक्य येतं, 'गैरहजेरी ९० टक्क्यांनी घटली'. काही जण तर 'रोग ९० टक्क्यांनी घटले' असंच लिहून मोकळे होतात.

इथे जरा थांबा. घरी पाठवलेली मुलं, गैरहजर मुलं आणि आजारी मुलं, हे तीन वेगळे आकडे आहेत. आपल्या हातात आहे तो फक्त पहिला.

आधीची पद्धत बघा. डॉक्टर यायचे, खरूज, गजकर्ण, उवा किंवा खुपऱ्या दिसल्या की मुलाला घरी धाडायचे. घरी उपचार कोण करणार, हा प्रश्न कुणाचाच नव्हता. स्थलांतरितांच्या दाटीवाटीच्या वस्तीत ते मूल संध्याकाळी वर्गातल्याच मित्रांबरोबर खेळायचं. रॉजर्सबाईंनी किरकोळ त्रासावर शाळेतच मलमपट्टी केली, घरोघरी जाऊन आयांना समजावलं. म्हणजे ज्या मुलाला पूर्वी घरी पाठवलं असतं, ते आता वर्गातच राहिलं. नियम बदलला की आकडा पडणारच! एकही ऊ कमी झाली नाही तरी तो पडू शकतो.

तुलना त्याच महिन्याशी आहे, ही चांगली गोष्ट. ऋतूचा घोळ टळतो. पण तुलनेसाठी परिचारिका नसलेला शाळांचा वेगळा गट या आकड्यात नाही. शिवाय १९०२ मध्येच तपासणी कडक झाली होती, त्यामुळे सुरुवातीचा आकडाच फुगलेला असण्याची शक्यता मोठी. या दोन गोष्टी पुसून '९० टक्के' लिहिणं मला आळशीपणाचं वाटतं, मग ते पाठ्यपुस्तकात का असेना.

याचा अर्थ प्रयोग फसला, असा अजिबात नाही. हजारो मुलांचे शाळेचे दिवस वाचले, आणि गरीब घरातल्या मुलासाठी ते लहान नाही. पण तो शिक्षणाचा लाभ आहे. संसर्ग आटोक्यात आला का, याचं उत्तर या आकड्यात नाही.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. फिरतं पथक शाळेत साधारण वर्षातून एकदा येतं. जन्मजात दोष, रक्तक्षय, दृष्टीदोष शोधायला हे ठीक. पण कांजिण्यांचं मूल पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच संसर्ग पसरवतं. तिथे वार्षिक तपासणी काय करणार? तिथे रोजची हजेरी घेणारे वर्गशिक्षकच जास्त उपयोगी. म्हणून 'इतकी मुलं तपासली' हा आकडा संसर्ग नियंत्रणाचा पुरावा म्हणून आराखड्यात घालू नका.

खरजेवर काम करणार असाल तर आधी हे ठरवा: उपचार फक्त मुलावर की घरातल्या सगळ्यांवर? पहिल्यांदा खरूज झालेल्याला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. त्यामुळे पंधरा दिवसांनी घेतलेली 'खरूजमुक्त वर्ग' ही नोंद फारशी कामाची नाही.